डबा आणि खाडा

शनिवारची सकाळ. चहा झालाय, बायको अजून झोपलीये, आणि ओट्यावर एकही खरकटं भांडं नाही. यातली तिसरी गोष्ट आमच्या घरात गेल्या दोन महिन्यांपासूनच बघायला मिळते. कारण आम्ही डबा लावलाय.

त्याचं असं झालं. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी लेकीच्या बाळंतपणासाठी गावी गेल्या. पहिला आठवडा हौसेत गेला. दुसऱ्या आठवड्यात 'आज कोण करणार?' हा प्रश्न रोज रात्री साडेआठला उभा राहायला लागला. तिसऱ्या आठवड्यात बायकोने शांतपणे हिशोब मांडला. एकवीस दिवसांत तिने सोळा वेळा स्वयंपाक केला, मी तीन वेळा, आणि दोनदा बाहेरून मागवलं. माझ्या तीनपैकी दोन वेळा खिचडी होती. आकडे समोर आले की आमच्या धंद्यातल्या माणसाला फार बोलता येत नाही.

रोज हॉटेलचं खाणं पोटालाही झेपत नाही आणि खिशालाही. मग ठाण्यात आमच्याच भागात घरगुती डबे देणाऱ्या एक काकू मिळाल्या. फक्त रात्रीचा डबा. तीन पोळ्या, एक सुकी भाजी, आमटी, भात. एका डब्याचे १३० रुपये. दोन डबे, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ६,७६० रुपये. रविवारी काकूंना सुट्टी. जेवण खरंच चांगलं. आमटीत गूळ जरा जास्त असतो, पण ते मला लागतं, बायको पुण्याची असल्यामुळे तिला लागत नाही :-)

तर सगळं छान चाललं होतं. मग मागच्या महिन्यात आम्ही अचानक कोकणात जायचं ठरवलं. गुरुवारी सकाळी नऊ वाजता, गाडीत बसल्यावर, काकूंना मेसेज टाकला की आजपासून शनिवारपर्यंत डबा नको. महिनाअखेरीला काकूंचा हिशोब आला. त्यांनी शुक्रवार-शनिवारचे पैसे कापले होते, गुरुवारचे धरले होते. दोन डबे, २६० रुपये.

मला पटलं नाही. डबा रात्रीचा, मी सांगितलं सकाळी नऊला. बारा तास आधी! ऑर्डर रद्द करायला याहून जास्त वेळ काय द्यायचा? मी मुद्दे क्रमांक घालून लांबलचक मेसेज लिहिला आणि 'हिशोब नीट झाला की पूर्ण रक्कम पाठवतो' असं खाली लिहून दिलं. काकूंनी तो वाचला. निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. डबा मात्र त्या रात्रीही वेळेवर आला.

हा किस्सा मी गंमत म्हणून आईला फोनवर सांगितला. ती हसली नाही.

"सकाळी नऊला सांगितलंस?"

"हो, मग? रात्रीच्या डब्यासाठी..."

"खाडा आदल्या रात्री सांगायचा असतो रे. सकाळी नऊला तिची भाजी निवडून झालेली असते. आणि पैसे सगळेच अडकवलेस? सगळ्या महिन्याचे?"

मग ती म्हणाली, "माझ्या आईची खाणावळ होती, विसरलास तू."

विसरलो नव्हतो. पण ती माहिती डोक्यात कुठल्यातरी जुन्या फोल्डरमध्ये पडून होती, कधी उघडली नव्हती. गेले दोन-तीन वीकेंड मी तेच करतोय. आईला फोन करून विचारतोय, आणि जोडीला पुस्तकं चाळतोय. आजचा लेख त्यातून आलेला आहे.

(खाडा हा शब्द ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: खाणावळीत ज्या दिवशी जेवणार नाही त्या दिवसाची सुट्टी म्हणजे खाडा. तेवढे पैसे महिन्याच्या हिशोबातून वजा होतात. आजच्या भाषेत 'स्किप'.)

आता थोडं मागे जाऊ. बरंच मागे.

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांची. कंपनी निघाली १८५४ साली आणि ताडदेवला गिरणी प्रत्यक्ष सुरू झाली १८५६ साली. नंतरच्या पन्नास-साठ वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी, नायगाव या सगळ्या भागात चिमण्या उभ्या राहिल्या आणि त्याचं गिरणगाव झालं. या गिरण्यांत कामाला माणसं आली ती मुख्यतः रत्नागिरीकडून आणि घाटावरून, साताऱ्या-पुण्याकडून. आणि ती बहुतेक एकटी आली. बायकामुलं गावी. शेत कसायला, म्हाताऱ्यांना बघायला, आणि मुंबईत अख्खं कुटुंब ठेवायला जागाही नव्हती आणि पगारही पुरत नव्हता म्हणून.

किती एकटी? १९२१ च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे साधारण सव्वापाचशे बायका होत्या. म्हणजे जवळजवळ निम्मे पुरुष जास्तीचे. हा आकडा वाचल्यावर मी पहिला प्रश्न तोच विचारला जो आमच्या घरात रोज साडेआठला उभा राहायचा. मग स्वयंपाक कोण करत होतं?

ते दहा-पंधरा जण मिळून एक खोली घ्यायचे. त्याला गाळा म्हणायचे. एकाच गावचे, एकाच भावकीतले. एक पाळी कामावर गेली की दुसरी पाळी त्याच जागेवर झोपायची. अशा खोलीत चूल मांडायला जागा कुठून आणायची, आणि दहा तास साच्यावर उभं राहून आल्यावर भाकऱ्या कुणी थापायच्या? तेव्हा शेजारच्या खोलीत जे कुटुंब राहात असेल, त्या घरातली बाई यांचं जेवण करायची. कुणी विधवा, कुणाचा नवरा आजारी, कुणाचा दारू पिणारा, कुणाचा काम सुटलेला. तिच्याकडे दुसरं कुठलंही भांडवल नव्हतं. चूल होती आणि हाताला सवय होती.

हीच खाणावळ. पाटी नाही, टेबल-खुर्ची नाही. स्वतःचीच दहा बाय बाराची खोली. जेवायच्या वेळी पोरांना बाहेर गॅलरीत काढायचं आणि जेवणाऱ्यांची पंगत बसवायची. ज्यांची पाळी असेल त्यांचा डबा गिरणीच्या दारात पोचवायचा. म्हणजे ज्याला आपण आज होम डिलिव्हरी म्हणतो त्याची उलटी गोष्ट. डबा घरातून निघायचा आणि गिरणीच्या गेटवर जायचा.

माझ्या आजीची खाणावळ करी रोडजवळच्या एका चाळीत होती. आजोबांना छातीचा आजार झाला आणि गिरणीतलं काम सुटलं, तेव्हा तिने ती सुरू केली. साधारण १९७० च्या आसपास. जास्तीत जास्त सोळा जेवणारे होते, सगळे आमच्याच बाजूचे, कोकणातले. हे महत्त्वाचं होतं. घाटावरच्या माणसाला भाकरी आणि झणझणीत कालवण लागायचं, कोकणातल्याला भात आणि मासळी. जेवणाची चव, जात आणि गाव यावरून कोण कुठल्या खाणावळीत जेवणार ते ठरायचं. 'घरच्यासारखं जेवण' याचा अर्थ तेव्हा फार नेमका होता. नेमकं कुणाच्या घरच्यासारखं, ते ठरलेलं होतं.

आईचा जन्म १९६५ चा. दहा वर्षांची झाल्यापासून ती चपात्या लाटायला बसली. (आमच्याकडे चपाती. पोळी हा शब्द लग्नानंतर आला.) सोळा माणसं, दोन वेळा, माणशी पाच. दिवसाला १६० चपात्या. शाळेत जायच्या आधी निम्म्या, आल्यावर निम्म्या. हे ती सांगत होती तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या आठवणीत आईने कधीही आनंदाने चपाती लाटलेली नाही. आम्ही लहान असताना ती भात-आमटीवर भागवायला बघायची आणि आम्ही कुरकुर करायचो. कारण आत्ता कळतंय.

आता इथे एक गल्लत होते ती दूर करतो. मुंबई आणि डबा म्हटलं की सगळ्यांना डबेवाले आठवतात. पांढरी टोपी, सायकल, चर्चगेट. ती गोष्ट वेगळी आहे. डबेवाल्यांची सुरुवात १८९० सालची मानतात, महादू हावजी बच्चे यांचं नाव सांगितलं जातं. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, मुळशी या भागातली ही माणसं. पण डबेवाला जेवण करत नाही, ते पोचवतो. बहुतेक वेळा ज्याचं त्याच्याच घरचं. ज्याची बायको मुंबईत होती आणि घरात स्वयंपाक होत होता, त्याची ती सोय. गाळ्यात राहणाऱ्या माणसाच्या घरी डबा भरणारं कुणी नव्हतंच.

डबेवाल्यांचं कौतुक खूप झालं, आणि ते रास्त आहे. १९९८ साली 'फोर्ब्ज'मध्ये त्यांच्यावर लेख आला, २००३ साली तेव्हाचे प्रिन्स चार्ल्स त्यांना चर्चगेटला भेटले, २०१० साली हार्वर्डने केस स्टडी केली. आमच्या ऑफिसात दर एक-दोन वर्षांनी कुणीतरी प्रेझेंटेशनमध्ये 'डबेवाल्यांना फोर्ब्जने सिक्स सिग्मा सर्टिफिकेट दिलं' अशी स्लाइड टाकतं. हे खरं नाही. फोर्ब्ज मासिक आहे, ते अशी सर्टिफिकेटं देत नाही. त्यांच्या अचूकपणाचं कौतुक छापून आलं आणि बाकीचं लोकांनी जोडलं.

असो. माझा मुद्दा वेगळा आहे. डबा किती वाजता पोचला, किती चुकले, हे मोजता येतं, म्हणून त्याची स्लाइड होते. डब्यातल्या चपात्या कुणी लाटल्या याची स्लाइड मी आजवर बघितलेली नाही. निदान माझ्या घरात ती असायला हरकत नव्हती.

बायकोला हे सगळं सांगत होतो तर तिने तिच्या माहेरची गोष्ट काढली. तिचे पणजोबा पुण्यात वार लावून शिकले. गरीब ब्राह्मण विद्यार्थी, सोमवारी एका घरी जेवायचा, मंगळवारी दुसऱ्या, असे सात वार सात घरं. पैसे नाहीत. पण त्या घरी पाणी भरणं, पूजेची फुलं आणणं, आणि मुख्य म्हणजे खाली मान घालून जे वाढतील ते खाणं. तिच्या पणजोबांनी पुढे नोकरी लागल्यावरही म्हणे एका विशिष्ट वाड्यावरून जायचं टाळलं. तिथे गुरुवार होता त्यांचा, आणि तिथे त्यांना शिळं मिळायचं.

मला वाटतं खाणावळ ही या बाबतीत सुधारणा होती. वारात उपकार आहेत. खाणावळीत उपकार नाहीत, खातं आहे. महिन्याचे पैसे मोजले की आमटी खारट झाली असं तोंडावर सांगता येतं. साच्यावर काम करणारा माणूस खाणावळवालीच्या दारात ताठ मानेने येऊन बसू शकत होता. आणि ती बाईही कुणाच्या घरी भांडी घासणारी मोलकरीण नव्हती. तिच्या दारात माणसं येत होती, ती वाढत होती, कमावत होती.

फक्त या खात्यात एक मोठी गोम होती, आणि ती आपल्या हिशोबी लोकांना पटकन कळेल.

पगार व्हायचा महिन्यातून एकदा. जेवणारे पैसे द्यायचे ते पगार झाल्यावर. पण तांदूळ, पीठ, रॉकेल, मासळी हे सगळं आधी आणायला लागायचं. म्हणजे तीस दिवस सोळा माणसांना ती बाई उधारीवर जेवू घालत होती. म्हणजे रोजचा खर्च तिचा आणि वसुली महिन्याने. वाण्याकडे उधारी, ती संपली की सावकार. आई सांगते, रुपयाला महिन्याला दहा पैसे व्याज. म्हणजे महिन्याला दहा टक्के! आजीचा तांब्याचा हंडा वर्षातले आठ महिने सावकाराकडे असायचा. तो घरी आला की पोरांना कळायचं की या महिन्यात सगळ्यांनी वेळेवर पैसे दिले.

आणखी एक गंमत बघा. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, त्यातून 'लिज्जत' उभं राहिलं. खाणावळीचं तसं का नाही झालं? मला सुचलेलं एक कारण असं: पापड टिकतो. आज विकला गेला नाही तर उद्या विकता येतो. जेवण रात्री उरलं की संपलं. पापडाला गिऱ्हाईक कुठलंही चालतं. खाणावळवालीला तेच सोळा जण, त्याच वेळी, रोज लागतात. त्यातल्या चौघांनी न सांगता खाडा केला की तिचा त्या दिवसाचा नफा गेला. चार दिवस केला की मुद्दल गेलं.

म्हणून तो नियम. खाडा आदल्या रात्री सांगायचा.

ही गोम पहिल्यांदा नीट ओळखली ती प्रेमा पुरव यांनी. प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या, लहान वयात गोवा मुक्तीच्या लढ्यात पडलेल्या, नंतर मुंबईत डाव्या कामगार चळवळीत. सत्तरच्या दशकातल्या गिरणी संपाच्या वेळी त्यांना दिसलं की संप करणाऱ्या कामगाराला रोज जेवायला घालतेय ती खाणावळवाली, आणि तिचं नाव कुणाच्याच यादीत नाही. ती युनियनची सभासद नाही, कामगार म्हणून तिची नोंद नाही, आणि बँकेच्या लेखी तर ती कुणीच नाही. १९७५ साली त्यांनी या बायकांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. पहिल्या गटात चौदा बायका होत्या.

१९६९ मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झालेलं होतं आणि १९७२ पासून अगदी गरिबांसाठी ४ टक्के व्याजाची योजना होती. पण बँक तारण मागायची. या बायकांकडे तारण म्हणून काय, तर तो सावकाराकडे पडलेला हंडा! मग तोडगा निघाला तो असा की गटातल्या बायकांनी एकमेकींची हमी घ्यायची. कर्ज हजार-दीड हजारांचं. पण दहा टक्के महिना आणि चार टक्के वर्ष, यातला फरक काढून बघा. अहमदाबादला इला भट्ट यांच्या 'सेवा'ची बँक १९७४ ची, आणि बांगलादेशात मुहंमद युनूस यांचा जोब्रा गावातला प्रयोग १९७६ चा. म्हणजे जगाने ज्याला पुढे मायक्रोफायनान्स म्हणून डोक्यावर घेतलं, ते त्याच सुमाराला लालबाग-परळच्या चाळींत चपात्या लाटणाऱ्या बायका करत होत्या.

प्रेमाताईंना पुढे पद्मश्रीही मिळाली. मला त्यांच्या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही, की त्यांनी या बायकांना 'बिचाऱ्या' म्हणून बघितलं नाही. धंदा करणारी बाई आहे, धंद्यात खेळतं भांडवल कमी पडतंय, ते मिळवून द्यायचं. बस्स.

आजी त्यात गेली का? नाही. चाळीतल्या दोन बायका गेल्या. आजोबा म्हणाले बँकेच्या कागदावर अंगठा द्यायचा नाही, खोली जाईल. आजीने ऐकलं. हंडा सावकाराकडे जात राहिला. हे सांगताना आईचा आवाज जरा चढला. ती आजोबांबद्दल एरवी कधी वाईट बोलत नाही.

मग आला १८ जानेवारी १९८२.

दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरण्या बंद पडल्या. साधारण अडीच लाख कामगार संपावर. संप महिनाभर चालेल, फार तर दोन महिने, असं सगळ्यांना वाटत होतं. तो दीड वर्षाच्या वर रेंगाळला आणि रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. या संपाबद्दल खूप लिहिलं गेलंय. कामगारांबद्दल, मालकांबद्दल, सामंतांबद्दल, सरकारबद्दल. मी आईला फक्त एवढंच विचारलं की तुमच्या खोलीत काय झालं.

आजीला लिहिता येत नव्हतं. तिचा हिशोब चुलीमागच्या भिंतीवर असायचा, खडूच्या रेघांत. प्रत्येक जेवणाऱ्याची एक ओळ, आणि त्या ओळीत खाड्याच्या फुल्या. पगार झाला, पैसे मिळाले, की ओल्या फडक्याने ती ओळ पुसायची. जानेवारीच्या ओळी फेब्रुवारीत पुसल्या गेल्या नाहीत. फेब्रुवारीच्या त्याच्या खाली आल्या. मार्चच्या त्याखाली. सोळापैकी सहा-सात जण एप्रिलपर्यंत गावी निघून गेले, देतो म्हणून सांगून. बाकीच्यांना आजीने जेवायला घातलं. दोन वेळचं एक वेळ झालं, मासळी बंद झाली, मग डाळही पातळ झाली. पण पान वाढलं जात होतं. समोर राहणारा माणूस उपाशी बसलाय आणि आपल्या चुलीवर भात आहे, तर काय करणार?

आई तेव्हा सतरा वर्षांची, अकरावीत. जूनमध्ये बारावीची फी भरायची होती, ती भरली गेली नाही. ती एका दुकानात कामाला लागली आणि कॉलेज तिथेच सुटलं.

"संपाला पाठिंबा सगळ्यांनीच दिला," आई म्हणाली. "आम्हीही दिला. मोर्च्याला गेलोय आम्ही. पण उधारी माझ्या आईची होती."

पैसे परत आले का, मी विचारलं. काहींचे आले. एकाने पाच-सहा वर्षांनी येऊन सगळे दिले. बरेच आले नाहीत. गिरण्याच उघडल्या नाहीत, किंवा उघडल्या त्यात यांना घेतलं नाही, तर ते तरी कुठून देणार? आजीने कुणाला शिव्या दिल्या नाहीत. आईने मात्र त्यांना माफ केलेलं नाही, हे मला या वयात पहिल्यांदा कळलं. ती भिंत पुढे चुना लावला तेव्हा पांढरी झाली. खाणावळ त्याआधीच बंद झाली होती.

मी आज जिथे नोकरी करतो ते ऑफिस लोअर परळला आहे, एका जुन्या गिरणीच्या आवारात. दगडी भिंत तशीच ठेवलीये, आतमध्ये काच. दुपारी एक वाजता गेटवर डिलिव्हरीवाल्या पोरांची रांग लागते. पूर्वी त्याच दारात डबे घेऊन बायका उभ्या राहायच्या. मी हे रोज बघतो आणि मोबाइलवर माझा नकाशातला ठिपका किती दूर आहे ते बघतो.

ॲपवरून मागवलेल्या जेवणाबद्दल तक्रार करायचं मला कारण नाही, मीही मागवतो. वारात उपकार होते, खाणावळीत खातं होतं, ॲपवर नुसता व्यवहार आहे. बटण दाबलं, पैसे गेले, जेवण आलं. कुणाची मान खाली नाही, कुणाची उधारी नाही. खूप चांगलं आहे हे. कुणी भिंतीवर रेघा मारायला नको. पण त्याची सवय अशी लागते की पलीकडे कुणी आहे हेच डोक्यातून जातं. आणि मग आपण घरगुती डबा देणाऱ्या काकूंशीही ॲपसारखं वागायला लागतो. चूक माझी ती होती. काकू म्हणजे कंपनी नाही. त्यांच्याकडे माझ्यासारखे बाराएक जण आहेत. आम्हीही पैसे महिनाअखेरीलाच देतो. म्हणजे आजही महिनाभर त्याच आम्हाला उधारीवर जेवू घालतात! पन्नास वर्षांत खेळत्या भांडवलाचा प्रश्न होता तिथेच आहे, फक्त खडूच्या जागी व्हॉट्सॲप आलंय.

मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या तेव्हा डबेवाले गावी गेले, हॉटेलं बंद झाली. तेव्हा आणि पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या लाटेत, आजारी पडून घरात कोंडलेल्या माणसांच्या दारात डबे ठेवले ते कुणी? कितीतरी सोसायट्यांमध्ये अशाच काकूंनी. आमच्या या काकूंचा डबाही तेव्हाच सुरू झालेला आहे, त्यांच्या यजमानांची नोकरी गेली म्हणून. हे मला आत्ता कळलं, कारण विचारलंच आत्ता.

तर त्या शनिवारी आईचा फोन ठेवला आणि काकूंना सगळे पैसे पाठवले, अडवलेले २६० धरून. खाली लिहिलं, माफ करा, चूक माझी होती. आणि पुढच्या महिन्यापासून पैसे एक तारखेला आगाऊ देतो. काकूंचं उत्तर आलं, 'बरं. उद्या सुट्टी. सोमवारी पालक चालेल ना?' एवढंच. मी उगाचच मोठ्या संवादाची तयारी करून बसलो होतो.

डबा हा स्वयंपाकाला पर्याय आहे का, असं मित्र विचारतात. माझ्या घरापुरतं सांगायचं तर हो, फार चांगला आहे. आमची भांडणं कमी झाली. पण स्वयंपाक कमी झाला नाही. तो आमच्या ओट्यावरून काकूंच्या ओट्यावर गेला. तिथे त्याचे पैसे मिळतात, हा मोठा फरक आहे, जर ते वेळेवर मिळाले तर.

गेल्या आठवड्यात आई राहायला आली होती. मुद्दाम तिच्यासाठी तिसरा डबा सांगितला. आदल्या रात्री. तिने झाकण उघडलं, चपात्या एकावर एक ठेवून कडा जुळवून बघितल्या आणि म्हणाली, "हात बसलेला आहे बाईचा. सगळ्या एकसारख्या आहेत." मग जेवली. चांगली तीनही चपात्या जेवली. आमटी गोड आहे असंही म्हणाली.

जेवण झाल्यावर मी डबे तसेच पिशवीत भरायला लागलो, तर तिने हातातून घेतले. "धुऊन दे रे. आम्ही सोळा-सोळा खरकटे डबे घासायचो रात्री. चिकटलेला भात सुटत नाही लवकर."

तेव्हापासून डबे धुऊन जातात. धुवायचं काम माझ्याकडे आहे.

असो. बराच वेळ झाला, बायको उठलेली दिसतेय. मंगळवारी आमची ऑफिसची पार्टी आहे, डबा नकोय. सोमवारी रात्रीपर्यंत सांगितलं तरी चाललं असतं, पण आत्ताच मेसेज टाकून ठेवतो.